लडकूच्या विहिरीचा शेवटचा थर

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत मिळून लडकू विशे याच्या हातच्या एकेचाळीस विहिरी आहेत. त्यातल्या एकोणतीस विहिरींवर मी त्याच्याबरोबर होतो. बाकीच्या त्याने सांगितलेल्या. वाढवून सांगायची त्याला सवय नव्हती, म्हणून मी आकडा धरून चालतो. आज त्यालाच विचारलं तर तो बोटं मोजायला लागतो आणि मध्येच थांबतो.

विहीर खणणं वेगळं आणि बांधणं वेगळं. आमच्याकडे वर दहा-बारा हात माती आणि मुरूम, खाली काळा खडक. खडक आपला आपण उभा राहतो. वरच्या मातीला आतून दगडाचं कडं बांधावं लागतं, नाहीतर एक-दोन पावसाळ्यांत ती आत बसते. आता लोक सिमेंटच्या रिंगा टाकतात. लडकू हे कडं सिमेंटशिवाय बांधायचा. दगडावर दगड ठेवायचा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, फटीत चिपा ठोकायच्या. विहिरीच्या तोंडावर लाकडाची आडवी बल्ली टाकून तिच्या मध्यावरून ओळंबा सोडलेला असे. त्या दोरीपासून काठीने माप धरून आम्ही दगड बसवायचो. लडकू आधी दगड बसवायचा आणि मग माप धरायचा, तेही आम्ही बघतोय म्हणून. माप चुकलेलं मी पाहिलं नाही.

त्याचा एक नियम होता. उचललेला दगड परत ढिगावर टाकायचा नाही. आधी जागा नीट बघायची, मग ढिगापाशी जायचं, तिथे बघायचं आणि एकच उचलायचा.

"उचलायला जोर लागतो, परत टाकायलाबी लागतो," तो म्हणायचा. "जोर काय वरून पडतो?"

मी त्याच्याकडे लागलो तेव्हा पहिल्या दिवशी अकरा दगड उचलून परत टाकले. तो काम थांबवून माझ्याकडे नुसता बघत राहायचा. दुपारी भाकरी सोडताना म्हणाला, "सावळ्या, आज तू दोन विहिरी बांधल्यास. एक आत, एक ढिगावर."

सगळे हसले. त्या आठवड्यानंतर मी त्याच्यासमोर दगड परत टाकला नाही.

सव्विसाव्या वर्षी त्याला कावीळ झाली होती. दीड महिना घरात होता. कुणीतरी मुळी दिली, पथ्य सांगितलं, डोळे पांढरे झाले आणि तो कामावर आला. रक्त कुणी तपासलं नाही. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं तो पहार मारत होता, दगड उचलत होता, त्यामुळे कावीळ आम्ही विसरून गेलो आणि तोही विसरला.

तो दारू पीत नसे. विहिरीच्या कामावर हे नवल होतं. पाणी लागलं की मालक कोंबडा आणि बाटली देतो, ही रीत आहे. लडकू कोंबड्याची तंगडी खायचा, हात धुवायचा आणि घरी जायचा. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे लोक वेगळंच बोलले, आणि त्यांत मीही होतो.

दोन हजार तेवीसच्या जानेवारीत आम्ही म्हशाच्या जत्रेला गेलो. त्याला घोंगडी घ्यायची होती. मी बैलबाजारात फिरत होतो. परत आलो तर लडकू घोंगडीवाल्यापुढे उभा, आणि घोंगडीत हात घालायला बाही शोधतोय. घोंगडीवाला हसत होता. लडकूची जीभ जड झाली होती. चालायला लागला तो सरळ बैलांच्या दाव्यांत गेला. आमच्या गावचा एकजण म्हणाला, "लडकूनं शेवटी लावली बघ."

मी त्याला दंडाला धरलं. "वय काय तुझं, आणि करतोयस काय?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सावळ्या, बल्ली कुठं टाकली?"

मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. गोडसर, कुबट, सडायला आलेल्या फळासारखा होता. वास वेगळा आहे हे मला कळलं, तरी मी तो दारूच्या खात्यात टाकला आणि त्याला जीपमध्ये कोंबून घरी पाठवलं. स्वतः जत्रेत राहिलो.

दोन दिवस तो झोपेत होता. तिसऱ्या दिवशी हाक मारून उठेना. त्याची बायको बाईजा आणि मुलगी मिताली यांनी त्याला जीपने मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला. मी संध्याकाळी पोचलो. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी पहिलं विचारलं, किती पितात? बाईजा म्हणाली, "थेंब नाय." डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि मान हलवली. जुनी कावीळ होती, बी प्रकारची. ती रक्तात तशीच राहिली होती आणि इतकी वर्षं आतून लिव्हर खात होती.

"आतड्यातली घाण रक्तात जाते," त्या म्हणाल्या. "चांगलं लिव्हर ती गाळतं. यांचं गाळत नाही. मग ती मेंदूवर चढते."

तो शुद्धीवर आल्यावर त्यांनी त्याला हात पुढे धरायला सांगितले. पंजे मनगटापासून पाखराच्या पंखासारखे पडत-उठत होते. मग एक कागद दिला. त्यावर एक ते पंचवीस आकडे गोलात विखुरलेले होते, ते ओळीने रेघेने जोडायचे. लडकूने पेन्सिल छिन्नीसारखी धरली. नवापाशी अडकला.

"मी चौथीच शिकलोय बाई," तो म्हणाला.

"हे शाळेचं नाही," त्या म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

घरी सोडताना एक दाट, गोड औषध दिलं. दिवसातून तीन वेळा, कायमचं. त्याने दिवसाला निदान दोन-तीनदा पातळ शौचाला झालीच पाहिजे, त्यासाठीच ते होतं. "पोट साफ तर डोकं साफ," डॉक्टर म्हणाल्या. "एक दिवस झाली नाही तर मला फोन करा." हे त्यांनी बाईजाला सांगितलं, लडकूला सांगितलं आणि मलाही सांगितलं. मी ऐकलं नाही असं म्हणायला जागा नाही.

होळीपर्यंत तो बराच सुधारला. थोडा संथ झाला होता, पण आकड्यांचा कागद दीड मिनिटात करायचा. आणि त्याला घाई होती. एकेचाळिसावी विहीर त्याची स्वतःची होती. टेकाडाखालच्या त्याच्या तुकड्यात आदल्या वर्षी खणून झाली होती, वीस हातांवर पाणी लागलं होतं. कडं बांधायचं राहिलं होतं. एक पावसाळा तिने कसाबसा काढला होता. पूर्वेच्या अंगाला मातीला चीर गेली होती. दुसरा पावसाळा ती काढणार नव्हती. बाईजा एकवीस वर्षं गावच्या विहिरीवरून पाणी आणत होती. मृगाच्या आत कडं वर जमिनीला लागलं पाहिजे होतं.

आम्ही तिघे लागलो. लडकू, मी, आणि वरच्या वाडीतला जगन. जगन वरून दगड सोडायचा, आम्ही दोघे खडकाच्या कडेवर उभे राहून बसवायचो.

औषधाने लडकूला अर्ध्या दिवसात चार-पाच वेळा शिडी चढून ओढ्याकडे जावं लागे. चढायचं, जायचं, यायचं, उतरायचं. प्रत्येक वेळी वीस मिनिटं. तेवढा वेळ दगड दोरीला लटकून राही. वर आला की तो ओशाळून म्हणायचा, "आलोच हां."

जगन म्हणाला, "दादा, तुजी विहीर वढ्यातच खणायला पायजे व्हती."

लडकू हसला. मी हसलो नाही. मी फेऱ्या मोजत होतो. आयुष्यभर मी दुसऱ्याची मेहनत वाया गेलेली मोजत आलोय, तशाच या मोजल्या. चौथ्या दिवशी भाकरीच्या वेळी त्याला म्हणालो, "हे औषध कामाच्या दिवशी घेऊ नको."

"डॉक्टरीण म्हणली रोज."

"डॉक्टरणीला कडं बांधायचंय का? दीड महिन्याचा प्रश्न. विहीर झाली की घे, नको कोण म्हणतो?"

तो भाकरी मोडत राहिला. "रात्रीचं तेवढं घेतो."

"रात्री घेतलंस तर सकाळी पळशील."

"बाईजाला कळंल."

"बाटली इकडं आण. सांग, कामावर घेतो."

दुसऱ्या दिवशी नवी बाटली आली. करंजाखाली हत्यारांच्या गोणीत पडून राहिली. मी एकदाही म्हणालो नाही की घे.

नऊ दिवस काम चांगलं झालं. पाच थर चढले. लडकू दिवसभर आत उभा असायचा. मी जगनला म्हणालो, "बघ, जुना लडकू आला." नंतर त्याने मला सांगितलं की लडकूदादा दुपारची भाकरी न खाताच परत न्यायचा, ते त्याने पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं. आठव्या दिवशी लडकूने सांध्यावर सांधा आणला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"लडकू, सांधा बघ."

त्याने बघितलं. "काय झालं?"

त्याला दिसत नव्हतं. मी मानलं की थकलाय. मीच तो दगड काढून दुसरा बसवला आणि पुढे गेलो.

दहाव्या दिवशी तो कडेवर ओळंब्याची दोरी मुठीत धरून उभा होता. मला विचारलं, "हे कुणी टांगलंय?" मग खाली पाण्याकडे वाकून बघायला लागला. मी त्याच्या कमरेला हात घातला, जगनने वरून दोर सोडला, आणि आम्ही त्याला दगडासारखा बांधून वर काढला.

कल्याणला चार दिवस त्याने डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी मिताली हत्यारं घरात ठेवायला गेली तेव्हा तिला गोणीत बाटली सापडली. बाईजा ती पिशवीत घालून हॉस्पिटलात घेऊन आली. व्हरांड्यात माझ्यापुढे धरली.

"भावजी, ही भरलेली कशी?"

मी सांगितलं. बाटली कामावर आणायला सांगितल्यासकट सगळं.

तिने पिशवीचे बंद आवळले. मग म्हणाली, "माझं कधी ऐकलं नाय त्यांनी. तुमचं ऐकलं."

"वहिनी—"

"आत जा आणि डॉक्टरणीला सांगा. मी नाय सांगणार. तुमी सांगा."

मी गेलो आणि सांगितलं. डॉक्टरांनी फक्त विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, नऊ. त्यांनी लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी तो जागा झाला. सगळ्यांना ओळखलं. मला म्हणाला, "कितवा थर चाललाय?" मला वाटलं सुटलो. पण डॉक्टर म्हणाल्या, मागच्या वेळी ते जवळजवळ पूर्ण परत आले होते. दर वेळी तसं होत नाही. काही भाग राहून जातो.

"कुठला भाग?" मी विचारलं.

"बोलतील, चालतील, माणसं ओळखतील. एकापाठोपाठ एक करायची कामं, मापाची, नजरेची, ती अवघड जातील. सहा महिने बघू."

कडं मी, जगन आणि शहापूरहून बोलावलेला कमळाकर गवंडी यांनी पूर्ण केलं. मृगाला तीन दिवस राहिले असताना कडं जमिनीला लागलं. त्यावर काठाचा एक थर यायचा होता. त्याने पावसात काही बिघडणार नव्हतं. मी म्हणालो, उद्या तोही टाकून मोकळे होऊ.

बाईजा म्हणाली, "तो ऱ्हाऊ द्या. बरे झाले की ते बांधतील."

पावसाळाभर लडकू घरात होता. औषध बाईजा स्वतः ओतायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. मितालीने वहीत गोल काढून आकड्यांचे कागद तयार केले होते. दर रविवारी ती त्याला बसवायची आणि मोबाईलवर वेळ लावायची. पाच मिनिटं. साडेचार. पुन्हा पाच.

"माझी पोरगी माझी परीक्षा घेती," तो मला म्हणाला. "नापासच करती."

"बाबा, मागच्यापेक्षा बरं आहे," मिताली म्हणाली. बरं नव्हतं.

त्याच्या शर्टाची गुंडी एक घर खाली लागायची. बोलायला सुरुवात करायचा आणि वाक्य मध्येच सोडून समोर बघत बसायचा. एकदा एकटाच मुरबाडला जायला एसटीत बसला, दोन थांबे आधी उतरला आणि दुपारपासून दिवस कलेपर्यंत तिथेच उभा राहिला. कुणाला विचारावं हे त्याला सुचलं नाही. ज्याने आणून सोडला तो बाईजाला म्हणाला, "वहिनी, यांची आता तरी सोडवा." मी त्या माणसाच्या घरी जाऊन सांगितलं की हा पीत नाही, हे लिव्हरचं आहे, मेंदूवर गेलंय. तो हो म्हणाला. त्याला पटलं नव्हतं. मी अजूनही प्रत्येकाला सांगतो.

भात झोडून झालं, सहा महिने उलटून गेले. डिसेंबरात एका सकाळी लडकू माझ्या दारात आला. एकटा, वाट न चुकता. म्हणाला, "सावळ्या, काठ ऱ्हायलाय."

मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत जगनला घेऊन विहिरीपाशी बावीस दगड आणले आणि स्वतः घडवले. सगळे एका मापाचे, कुठलाही कुठेही बसेल असे. असं काम मी कधी केलं नव्हतं. ही फसवणूक होती आणि मी ती मन लावून केली.

तिसऱ्या दिवशी तो आला. बाईजा मिरचीच्या वाफ्यात बसली होती, खुरपं चालवल्यासारखं करत. मिताली कॉलेजला गेली नव्हती. लडकूने आधी दगडांच्या ढिगावरून हात फिरवला.

"कुणी घडवले?"

"मी."

"लय सारखे झालेत," तो म्हणाला. चेहरा नापसंतीचा होता. हात अजून दगड ओळखत होते.

मग तो कडेवर उकिडवा बसला आणि जागा बघितली. बराच वेळ बघितली. उठला, ढिगापाशी गेला, पुन्हा बघितलं, आणि एक उचलला. गुडघे मोडून, पाठ सरळ, पूर्वीसारखा. जगनने माझ्याकडे बघितलं. मलाही वाटलं, झालं.

तो दगड घेऊन काठाशी आला आणि थांबला. जागेकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. दगड फिरवला. पुन्हा जागेकडे बघितलं. मग दगड छातीशी धरून विहिरीला एक फेरा घातला आणि होता तिथे येऊन उभा राहिला.

"इथं ठेव," मी म्हणालो.

"थांब. जागा बघतोय."

दगड बारा-पंधरा किलोचा असेल. त्याच्या दंडांना कंप सुटला. पंजे पडू-उठू लागले की काय असं मला वाटलं, पण तो नुसता थकवा होता. पुढे उघडी विहीर होती. जगन हळूच त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"लडकू, खाली ठेव."

"उचललेला हाय."

"ठेव रे. दम घे, मग बघू."

"नाय. उचललेला हाय."

वाफ्यात बाईजा उभी राहिली होती. मी पुढे झालो आणि त्याच्या हातांखाली माझे हात घातले. त्याने सोडला नाही. माझ्याकडे बघितलं. कामावर नव्याने लागलेल्या माणसाकडे बघायचा तसं. मी नजर खाली केली आणि हात तसेच ठेवले. शेवटी वजन माझ्याकडे आलं.

मी तो दगड नेऊन ढिगावर टाकला.

लडकू कडेवर बसला. घाम पुसला. थोड्या वेळाने म्हणाला, "सावळ्या, आज तू दोन..." आणि थांबला. पुढचं शोधत राहिला. मला पुढचं माहीत होतं. मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, हे अजून ठरवता आलेलं नाही.

बाईजा बाटली आणि पेला घेऊन आली. दुपारच्या औषधाची वेळ झाली होती. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला आणि प्याला. ती समोर उभी राहिली, गिळेपर्यंत. मग तिने त्याला हाताला धरून घरी नेलं.

विहीर चांगली लागली. उन्हाळ्यातही पाणी असतं. काठ नाही, म्हणून बाईजाने करवंदीच्या फांद्या भोवती टाकून ठेवल्या आहेत आणि पाणी शेंदताना त्या बाजूला सारते. लडकू सकाळी तिच्याबरोबर येतो. ढिगाशेजारी बसतो, दगडांवरून हात फिरवतो. उचलत नाही.

बावीस दगडांचं काम आहे. मी आता कामावर जात नाही, पण एवढं एका दिवसात करीन. बाईजाने म्हणायचा अवकाश. ती म्हणत नाही.